स्टेनलेस स्टील: दशांश चिन्हापुढचा कार्बन आणि गंधक

भांडं घेताना त्याला लोहचुंबक लावून पाहायची सवय आपल्याकडे अजून आहे. चुंबक चिकटला नाही, की स्टील चांगलं! पण चुंबकाला कळते ती फक्त धातूची स्फटिकरचना. त्यात कार्बन किती, गंधक किती, हे त्याला कळत नाही. आणि स्टेनलेस कुठे दगा देणार, हे बऱ्याचदा त्या दोघांवरच ठरतं.

लोखंडात क्रोमियम मिसळलं तर ते आम्लाला दाद देत नाही, हे फ्रान्समध्ये पिएर बर्तिए यांनी १८२१ सालीच पाहिलं होतं. तरीही वापरण्याजोगं स्टेनलेस यायला आणखी नव्वद वर्षं लागली. अडसर कार्बनचा होता. त्या काळचं क्रोमियम कोळशाच्या मदतीने काढलेलं, त्यामुळे त्यात कार्बन ठासून भरलेला. १८९२ मध्ये रॉबर्ट हॅडफिल्ड यांच्यासारख्या कसलेल्या धातुतज्ज्ञाने अशाच जास्त कार्बनच्या नमुन्यांची तीव्र सल्फ्युरिक आम्लात चाचणी घेतली आणि क्रोमियममुळे गंजरोध उलट कमी होतो, असा निष्कर्ष काढला. भेसळीचा दोष मूळ धातूच्या माथी बसला.

१८९५ मध्ये हान्स गोल्डश्मिट यांनी कोळशाऐवजी ॲल्युमिनियम वापरून जवळपास कार्बनमुक्त क्रोमियम मिळवलं आणि वाट मोकळी झाली. १९११ मध्ये जर्मनीत फिलिप मोनार्ट्झ यांनी साधारण १२ टक्के क्रोमियमनंतर पोलाद एकदम गंजेनासं होतं हे दाखवलं. कार्बन घातक असतो, हेही त्यांनी तेव्हाच नोंदवलं. हे श्रेय त्यांना क्वचित मिळतं. नाव होतं ते १९१३ मध्ये शेफील्डला १२.८ टक्के क्रोमियमचं पोलाद ओतणाऱ्या हॅरी ब्रेअर्ली यांचं.

क्रोमियम-निकेलचं पोलाद कारखान्यांत रुळलं आणि वेल्डिंगने नवी डोकेदुखी आणली. जोड शाबूत, पण त्याच्या शेजारी, काही मिलिमीटर अंतरावर, जोडाला समांतर असा पट्टा कुजायचा. धातू ४५० ते ८५० अंश सेल्सिअसच्या टप्प्यात रेंगाळला, की कार्बन धातूतल्या स्फटिककणांच्या सीमेवर जाऊन क्रोमियमशी संयुग करतो. या कार्बाइडमध्ये वजनाने कार्बनच्या सोळा-सतरा पट क्रोमियम असतं. म्हणजे ०.०८ टक्के कार्बन सव्वा टक्क्याहून जास्त क्रोमियम अडकवू शकतो. एकूण हिशेबात हे किरकोळ वाटेल, पण तो सगळा उपसा सीमेलगतच्या अरुंद पट्ट्यातून होतो. तिथलं क्रोमियम १२ टक्क्यांखाली गेलं, की वरचा संरक्षक ऑक्साइडचा थर टिकत नाही आणि आम्ल सीमेसीमेने आत शिरतं. पत्रा वरून चकचकीत दिसतो, आतले कण मात्र सुटे झालेले असतात.

१९३० च्या दशकात यावर टायटॅनियम किंवा नायोबियम घालायचा तोडगा निघाला; कार्बन आधी त्यांना धरतो, क्रोमियम वाचतं. खरा उपाय कार्बनच काढून टाकण्याचा. पण भट्टीत ऑक्सिजन फुंकला, की कार्बनआधी महागडं क्रोमियमच जळू लागायचं. १९५४ मध्ये युनियन कार्बाइडच्या विल्यम क्रिव्हस्की यांना ऑक्सिजनमध्ये आर्गॉन हा निष्क्रिय वायू मिसळून पाहताना क्रोमियम न जळता कार्बन खाली जातो, हे आढळलं. आर्गॉनमुळे कार्बन मोनॉक्साइडचा आंशिक दाब कमी होतो आणि कार्बन वायू होऊन निघून जातो. १९६८ मध्ये अमेरिकेत फोर्ट वेन इथे ही पद्धत उत्पादनात आली. आज फॅब्रिकेशनवाला सहज ‘३०४ एल’ प्रकारचं स्टेनलेस मागतो, त्यातला ‘एल’ म्हणजे कार्बन ०.०३ टक्क्यांच्या आत.

याच पद्धतीच्या भट्टीत, वितळलेल्या धातूवर तरंगणाऱ्या चुन्याच्या मळीने गंधकही काढता येऊ लागला. गंधकाची खोड वेगळी. तो मँगनीजशी संयोग पावून सल्फाइड बनवतो, त्याचे सूक्ष्म कण रोलिंगमध्ये लांबट होतात, आणि मिठाच्या किंवा क्लोरिनच्या पाण्यात टाचणीच्या टोकाएवढे खड्डे तिथूनच सुरू होतात. खड्ड्यात आम्ल साठतं, म्हणून तो आपोआप खोल जातो. या कणांभोवती क्रोमियम कमी झालेलं कडं असतं, असं ब्रिटनमधल्या संशोधकांनी २००२ मध्ये मांडलं. नंतर इतर काहींना ते कडं सापडलं नाही. खड्डा सल्फाइडपाशी सुरू होतो याबद्दल मात्र दुमत नाही. लेथवर झटपट कापलं जावं म्हणून ३०३ या प्रकारच्या स्टेनलेसमध्ये मुद्दाम ०.१५ टक्के किंवा जास्त गंधक ठेवतात. समुद्राकाठी असे नटबोल्ट लावू नयेत.

म्हणून गंधक शून्यावर आणावा का? तसंही नाही. तो फार कमी झाला तर टिग (टंगस्टनच्या इलेक्ट्रोडने केलेल्या) वेल्डिंगमध्ये वितळलेल्या धातूचा प्रवाह बदलतो, जोड रुंद आणि उथळ होतो. कमी गंधकाची नळी जास्त गंधकाच्या नळीला जोडली, तर वितळलेला भाग एका बाजूला सरकतो आणि सांध्याचा काही भाग न जुळताच राहतो. त्यामुळे औषध कारखान्यांतल्या ३१६ एल नळ्यांसाठी गंधकाची कमाल मर्यादा पुरत नाही, किमानही ठरवावी लागली: ०.००५ ते ०.०१७ टक्के. खरेदीच्या वेळी टेस्ट सर्टिफिकेटवर कार्बन आणि गंधक हे दोन आकडे जरूर पाहावेत, दोन्ही नळ्यांचे.