कुठल्या खणात ठेवायचं?

१९९६ च्या सुमारास, वेबवरच्या साइट्सची सूची देणाऱ्या याहूचं पहिलं पान उघडलं की समोर यायची ती निळ्या, अधोरेखित शब्दांची यादी. कला, व्यापार, संगणक, शिक्षण, मनोरंजन, सरकार, आरोग्य असे एकूण १४ विभाग. सगळं वेब या १४ खणांत बसवायचा तो घाट होता. ‘मनोरंजन’वर क्लिक केलं की उपविभाग दिसत, आणि त्यात ‘पुस्तकं आणि साहित्य’ या नावाला चिकटून एक छोटंसं @ असे. त्याचा अर्थ असा, की ही गोष्ट इथे दिसत असली तरी तिचं खरं घर दुसरीकडे आहे. क्लिक करणारा तिथून थेट कला विभागातल्या साहित्यात जाऊन पोचायचा.

त्या @ बद्दल मला फार जिव्हाळा वाटतो. पुस्तक ही कला की करमणूक, या प्रश्नाला उत्तर नाही हे ते तयार करणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी वाचक कुठूनही आला तरी त्याला ते सापडावं, म्हणून त्यांनी हा चोरदरवाजा ठेवला. सुरुवातीच्या वेबची सगळ्यात अवघड अडचण या एका चिन्हात दिसते.

याहूची सुरुवात जानेवारी १९९४ मध्ये झाली. स्टॅनफर्ड विद्यापीठात संशोधन करणाऱ्या जेरी यांग आणि डेव्हिड फिलो यांनी आपल्या आवडत्या साइट्सची यादी ठेवायला घेतली. एमआयटीच्या मॅथ्यू ग्रे यांच्या मोजणीनुसार जून १९९३ मध्ये जगभरात सुमारे १३० साइट्स होत्या आणि जानेवारी १९९६ पर्यंत त्यांची संख्या लाखाच्या घरात गेली. एवढी यादी सरळ खाली लिहीत जाऊन कोणाच्या उपयोगाची? मग विभाग आले, उपविभाग आले, उपविभागांचेही विभाग आले. १९९५ मध्ये श्रीनिजा श्रीनिवासन या कामावर रुजू झाल्या आणि सगळी वर्गवारी त्यांच्या देखरेखीखाली उभी राहिली. आलेली प्रत्येक साइट माणसं उघडून पाहत आणि तिचा खण ठरवत.

खण चुकला तर काय बिघडतं, हे आज सहज लक्षात येत नाही. चुकलो तर क्षणात मागे येतो. तेव्हा २८.८ केबीपीएसचा मोडेम चांगला समजला जाई. तो सेकंदाला ३.६ किलोबाइट आणतो, म्हणजे चित्रांसकट ५० किलोबाइटचं पान यायला १४ सेकंद. पाच पायऱ्या उतरायच्या तर सत्तर सेकंद, तेही फोनची लाइन धड चालली तर. दुसऱ्याच पायरीवर चुकीच्या फांदीला लागलात तर मागे येऊन पुन्हा पहिल्यापासून. भारतात व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं, तेव्हा इथल्या लोकांनी हे धीराने सोसलं आहे. १० सेकंदांपेक्षा जास्त थांबावं लागलं की माणसाचं लक्ष उडतं, हे संगणक वापरायला सोपा कसा होईल याचा अभ्यास करणाऱ्या जेकब नील्सन यांनी १९९३ मध्येच मांडलं होतं. त्यामुळे खणावर काय नाव लिहायचं, हा सौंदर्याआधी वेळेचा प्रश्न होता.

दिसण्याच्या बाजूनेही खटपट चालूच होती. २५६ रंगांच्या पडद्यांवर सगळीकडे सारखे दिसतील असे २१६ रंग (लाल, हिरवा, निळा यांच्या प्रत्येकी ६ छटा, ६×६×६) निवडून घेतले होते. मजकूर जागच्या जागी बसवायला आकडेवारीसाठी असलेले तक्ते वापरत आणि दोन रकान्यांत अंतर हवं असेल तर एका पिक्सेलचं पारदर्शक चित्र ताणून बसवत. मांडणीसाठी वेगळी भाषा, म्हणजे सीएसएस, डिसेंबर १९९६ मध्ये प्रमाणित झाली, पण ब्राउझरांनी ती नीट पाळायला पुढे कितीतरी वर्षं घेतली. हे सगळं मेहनतीचं होतं. तरी माझ्या मते खरी लढाई खणांचीच होती.

खणांच्या रचनेला झाडाची उपमा देतात. एक खोड, फांद्या, उपफांद्या, आणि प्रत्येक पान एकाच डहाळीला. हे झाड माहितीला पुरत नाही, हे वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी वेबचा जन्म होण्याआधीच लिहून ठेवलं होतं. मार्च १९८९ मध्ये सर्न या संशोधन संस्थेत त्यांनी जो प्रस्ताव दिला, त्यात झाडासारख्या रचनेची अडचण स्वतंत्रपणे मांडली आहे. सर्नमध्ये माणसं साधारण दोन वर्षं राहून निघून जात आणि कोणी काय केलं याची माहिती त्यांच्याबरोबर हरवे. ज्या कामाचे धागे दहा दिशांना जातात ते एका फांदीवर कसं टांगणार? म्हणून त्यांनी कुठूनही कुठेही जाणारी लिंक सुचवली. लिंकने भटकणं सोपं झालं. नेमकं हवं ते शोधणं मात्र सोपं झालं नाही, आणि लोक पुन्हा झाडाकडे वळले.

उत्तर त्याआधी साठ वर्षं मद्रासमध्ये तयार होतं. एस. आर. रंगनाथन मुळात गणिताचे शिक्षक. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि ग्रंथालयशास्त्र शिकायला लंडनला गेले. तिथे सेल्फ्रिजेस या दुकानात त्यांनी मेकॅनोचा खेळ पाहिला. पट्ट्या, चाकं, स्क्रू तेच, पण जोडणी बदलली की कधी क्रेन होते, कधी पूल. पुस्तकाचा विषयही असाच सुट्या भागांतून जोडता येईल, हे त्यांना तिथे सुचलं. १९३३ मध्ये त्यांची कोलन वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध झाली.

समजा, १९५० मध्ये भारतात फुप्फुसांच्या क्षयावर क्ष-किरणांनी उपचार करण्याबद्दल झालेलं संशोधन एका पुस्तकात आहे. झाडात ते वैद्यकाच्या एकाच फांदीला टांगावं लागेल. रंगनाथन त्याचे पैलू सुटे करतात: अवयव कोणता, रोग कोणता, क्रिया कोणती, साधन कोणतं, देश कोणता, काळ कोणता. प्रत्येक पैलूला स्वतःची खूण, आणि खुणा जोडून पुस्तकाचा क्रमांक.

याचं गणित देखणं आहे. पाच पैलू घ्या, प्रत्येकात दहा पर्याय. एकूण नावं लागली ५०. त्यांच्या जोडण्या मात्र १०×१०×१०×१०×१०, म्हणजे १ लाख. झाडाला तेवढ्यासाठी १ लाख खण आधीच बांधून ठेवावे लागले असते.

मग वेबने हे लगेच का उचललं नाही? बरीचशी अडचण यंत्राची होती. तेव्हा बहुतेक पानं म्हणजे हाताने लिहून सर्व्हरवरच्या फोल्डरमध्ये ठेवलेल्या फाइली असत. फोल्डरात फोल्डर हेच मुळी झाड. पत्त्यातल्या तिरप्या रेघा तेच दाखवत. लाख जोडण्यांची लाख पानं कोण लिहिणार? डेटाबेसमधून मागणीनुसार त्या क्षणी पान तयार होऊ लागलं, तेव्हा पैलूंना वाव मिळाला. लुई रोझेनफेल्ड आणि पीटर मॉरव्हिल यांनी १९९८ मध्ये वेबच्या माहितीरचनेवर पुस्तक लिहिलं, ज्याच्या मुखपृष्ठावर ध्रुवीय अस्वल आहे. ते दोघेही ग्रंथालयशास्त्र शिकलेले, हे मला मोलाचं वाटतं.

पैलू कोणते घ्यायचे हेही वापरणाऱ्यालाच विचारावं लागतं. १९९४ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्समध्ये नील्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्मचाऱ्यांसाठी अंतर्गत साइट बनवताना एक साधी रीत वापरली. एकेका चिठ्ठीवर एकेक सेवा लिहायची, चिठ्ठ्या पिसायच्या, आणि कर्मचाऱ्यांना सांगायचं, की जे एकत्र वाटतं त्याचे गठ्ठे करा.

मी हा प्रयोग घरी स्वयंपाकघरातल्या जिन्नसांवर केला. माझे गठ्ठे ठरलेले होते: धान्यं, डाळी, मसाले, सुका मेवा. आईने चिठ्ठ्या हातात घेतल्या आणि साबुदाणा, वरीचे तांदूळ, शेंगदाणे, जिरं, राजगिरा एका बाजूला ओढले. ‘हे उपासाचं.’ माझ्या वर्गवारीत तो खणच नव्हता. थोडं थांबून तिने शेंगदाण्याची चिठ्ठी परत उचलली. ‘आणि हे चटणीत पण लागतात. दुसरी चिठ्ठी दे.’ मी दुसरी चिठ्ठी लिहून दिली. याहूच्या त्या @ चिन्हाने हेच काम केलं होतं.

याहूची ती सूची डिसेंबर २०१४ मध्ये बंद झाली, कारण एव्हाना लोक शोधयंत्रात शब्द टाकून थेट पानावर पोचत होते. पैलू मात्र राहिले. ऑनलाइन साडी घेताना आपण डाव्या पट्टीत सुती, काठाची, अमुक किमतीच्या आत, अशा खुणा करत जातो, तेव्हा रंगनाथन यांची जोडणी चालू असते. फक्त त्यामागे प्रत्येक साडीपुढे कोणीतरी बसून रकाने भरलेले असतात. कापड आणि किंमत भरणं सोपं. रंगाच्या रकान्याशी हात अडतो: साडी हातात आहे, खिडकीपाशी नेऊन पाहिली तरी ती रामा रंगाची की मोरपंखी, हे ठरत नाही, आणि यादीत तर नुसतं ‘हिरवा’ आणि ‘निळा’ एवढंच आहे.