कॅडहेरिन आणि इंटिग्रिन: कॅल्शियमवरून होणारा तोच तो घोळ

उत्तरपत्रिका असो, ज्युनियर मुलांच्या नोट्स असोत नाहीतर लॅबमधल्या चहाच्या गप्पा, एक वाक्य हमखास भेटतं: "पेशींना चिकटवणारी प्रोटीन्स कॅल्शियमने अ‍ॅक्टिव्हेट होतात." कॅडहेरिनपुरतं एकवेळ चालवून घेऊ. इंटिग्रिनला लावलं की साफ चूक, आणि मला याचा खरंच त्रास होतो, कारण हे एक चुकलं की आपलं रक्त नुसतं वाहतं कसं तेच कळत नाही.

कॅडहेरिन बहुतेकांना येतं म्हणून पटकन उरकते. शेजारच्या दोन पेशी एकमेकींना धरतात ते याने, सहसा कॅडहेरिन समोरच्या कॅडहेरिनलाच धरतं. त्यातल्या ई-कॅडहेरिनचे पेशीबाहेर पाच डोमेन, म्हणजे प्रोटीनचे घडी पडलेले तुकडे, एकापुढे एक, दर दोघांच्या सांध्यात तीन कॅल्शियम, म्हणजे चार सांध्यांत १२. सुती साडीला खळ असते तसं आहे हे, खळ आहे तोवर ताठ, धुऊन गेली की लुळी. कॅल्शियम काढलं की ट्रिप्सिन हे प्रोटीन कापणारं एन्झाइम त्याला सहज कापतं, जपानी जीवशास्त्रज्ञ मासातोशी ताकेइचींनी १९७७ मध्ये हाच धागा पकडला होता.

इंटिग्रिन म्हणजे अल्फा-बीटाची जोडी, माणसात १८ अल्फा, ८ बीटा, त्यातून २४ जोड्या, आणि बहुतेक जोड्या पेशीबाहेरच्या मॅट्रिक्सला, म्हणजे पेशींभोवतीच्या प्रोटीनच्या जाळ्याला, धरतात. आतल्या बाजूला जोडणारं प्रोटीन कॅडहेरिनला कॅटेनिन, इंटिग्रिनला टॅलिन, दोघांचा दोर शेवटी अ‍ॅक्टिनलाच, म्हणजे पेशीच्या आतल्या सांगाड्याच्या धाग्यांना. हे तक्ता करून पाठ होतं, इथे कोणी अडत नाही.

अडतात ते पुढे. एक प्लेटलेट घ्या. तिच्या अंगावर अल्फा-टू-बी-बीटा-थ्री नावाच्या इंटिग्रिनच्या साधारण ८० हजार प्रती. भोवती प्लाझ्मा, त्यात दर डेसिलिटरला २०० ते ४०० मिलिग्रॅम फायब्रिनोजेन, म्हणजे हिला जे पकडायचं तेच, आणि मोकळं कॅल्शियम एक मिलिमोलरच्या थोडं वर, रात्रंदिवस तेवढंच. आता सांगा, कॅल्शियमने इंटिग्रिन चालू होत असतं तर? सगळ्या प्लेटलेट आत्ताच्या आत्ता एकमेकींना चिकटून नसा बंद झाल्या असत्या. होत नाही ना तसं? कारण ते इंटिग्रिन मान खाली घालून बसलंय, डोकं जवळजवळ मेम्ब्रेनकडे वळलेलं. २००१ मध्ये अल्फा-व्ही-बीटा-थ्री या भावंड इंटिग्रिनची क्रिस्टलवरून काढलेली रचना आली, त्यात ही वाकलेली ठेवण पहिल्यांदा नीट दिसली. वाकलेलं असताना उंची सुमारे ११ नॅनोमीटर, उभं राहिलं की २० च्या आसपास.

आणि त्याला उभं करणारी कडी आतून आहे. जखम झाली, थ्रॉम्बिन किंवा एडीपी हे जखमेचा निरोप देणारे रेणू प्लेटलेटवरच्या आपापल्या रिसेप्टरवर बसले, पेशीच्या आत कॅल्शियम वाढलं, त्यातून रॅप-१ नावाचं आतलं स्विच-प्रोटीन जागं झालं, मग टॅलिन बीटाच्या शेपटीला जाऊन लागलं, सोबतीला किंडलिन हे आतलंच दुसरं प्रोटीन, इंटिग्रिनचे दोन पाय फाकले आणि डोकं वर. म्हणजे कॅल्शियम आहे, पण आतलं! घोळ नेमका इथेच होतो. बाहेरचं कॅल्शियम मिलिमोलरमध्ये, कायम हजर, ते बांधकामाचं सामान आहे. आतलं एरवी १०० नॅनोमोलरच्या घरात, क्षणभर उसळतं, तो निरोप आहे. दोघांना एकाच वाक्यात "कॅल्शियम" म्हणून कोंबू नका, प्लीज. बरं, इंटिग्रिन लिगंडला, म्हणजे जे पकडायचं त्याला, जिथे धरतं तिथे मधोमध मॅग्नेशियम बसतं, आणि शेजारच्या जागी बसलेलं कॅल्शियम उलट त्याला मागे ओढतं. लॅबमध्ये बाहेरूनच चालू करायचं तर मँगनीज घालतात, कॅल्शियम नाही.

गैरसमज पसरतो कुठून तेही सांगते. फ्लास्कमध्ये ईडीटीए हे धातूचे आयन पकडणारं रसायन ओतलं की पेशी एकमेकींपासूनही सुटतात आणि तळापासूनही, मग वाटतं दोघांचं कारण एकच. पण ईडीटीए कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोन्ही ओढून नेतं. त्याऐवजी ईजीटीए वापरून बघा, ते मुख्यतः कॅल्शियम धरतं. मायक्रोस्कोपखाली एमडीसीके (लॅबमध्ये वाढवलेल्या कुत्र्याच्या किडनीच्या) पेशींची चादर फाटताना दिसते, मधे फटी पडतात, पेशी गोलसर होतात, तरी बहुतेक तळाला चिकटूनच. हा प्रयोग मी प्रत्येक बॅचला दाखवावा असंच म्हणेन, दहा स्लाइड वाचतील.

अजून पटत नसेल तर दोन आजार शेजारी ठेवा. ग्लान्झमान थ्रॉम्बॅस्थेनिया या जन्मजात रक्तस्रावाच्या आजारात प्लेटलेटवरचं हे इंटिग्रिनच नसतं किंवा बिघडलेलं असतं. एलएडी-३ या दुसऱ्या जन्मजात आजारात इंटिग्रिन ठरल्याइतकं, धडधाकट, फक्त आतलं किंडलिन-३ नाही, आणि तरी रुग्णाला रक्तस्राव होतो, वर पांढऱ्या पेशींची इंटिग्रिनंही अडल्यामुळे इन्फेक्शन. बाहेर कॅल्शियम दोघांच्याही रक्तात व्यवस्थित. फ्लोवर, म्हणजे पेशींवरच्या खुणा मोजणाऱ्या फ्लो सायटोमीटरवर, बघायचं तर सीडी४१ ची (म्हणजे अल्फा-टू-बीची) अँटीबॉडी इंटिग्रिन आहे की नाही ते सांगते आणि पॅक-१ ही दुसरी अँटीबॉडी फक्त चालू झालेल्यालाच चिकटते. ग्लान्झमानच्या टाइप-१ मध्ये सीडी४१ च जवळजवळ दिसत नाही, एलएडी-३ मध्ये सीडी४१ छान येतं पण एडीपी देऊनही पॅक-१ चा सिग्नल वाढत नाही. सॅम्पल मात्र निळ्या झाकणाच्या सायट्रेट ट्यूबमध्ये घ्या, जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये ही अल्फा-बीटाची जोडीच सुटायला लागते आणि मग पॅक-१ कुणाच्याच प्लेटलेटवर धड दिसत नाही.