अंगठ्याचा ट्रॅकबॉल आणि बोटांचा ट्रॅकबॉल

वर्षानुवर्षं माउस वापरलेल्या हाताला ट्रॅकबॉलची सवय व्हायला किती वेळ लागतो, असं कुणी विचारलं की आधी उलट विचारावं लागतं: गोळा कोणत्या बोटाखाली आहे? दोन्ही प्रकारांत साधन टेबलावर जागचं हलत नाही, गोळा फिरवला की कर्सर सरकतो. शिकावं मात्र वेगळं लागतं.

लॉजिटेकच्या एर्गो एम५७५ मध्ये ३४ मिलिमीटरचा गोळा डाव्या कडेला, अंगठ्याखाली असतो. तर्जनी आणि मधलं बोट नेहमीच्याच बटणांवर, मध्ये स्क्रोलचं चाक. क्लिकची जुनी सवय जशीच्या तशी चालते, त्यामुळे पहिल्याच दिवशी बरं वाटतं. केन्सिंग्टनच्या एक्स्पर्ट माउसमध्ये (नाव काहीही असो, आहे तो ट्रॅकबॉलच) ५५ मिलिमीटरचा गोळा मधोमध बसतो. तो दोन-तीन बोटांनी फिरवायचा, क्लिक अंगठ्यानं करायचं आणि स्क्रोलसाठी गोळ्याभोवतीचं कडं फिरवायचं. इथे जुनं काहीच उपयोगी पडत नाही. सुरुवातीला हात चक्क गोंधळतो.

पण पुढे चित्र पालटतं. अंगठा पकडायला तयार झालेला आहे, बारीक सरकवायला नाही. खिडकी बंद करायच्या छोट्या फुलीवर कर्सर थांबवताना तो पुढे तरी जातो नाहीतर अलीकडे तरी राहतो. बोटांना हे काम मुळातच जमतं. शिवाय मोठ्या गोळ्याला वजन असतं. झटका दिला की तो फिरत राहतो, हळू सरकवला की थरथरत नाही. १९५० च्या दशकात कॅनडाच्या नौदलासाठी बनवलेल्या डेटार या युद्धमाहिती यंत्रणेत तर ट्रॅकबॉलचा गोळा म्हणून चक्क बोलिंगचा चेंडू बसवला होता!

अंगठ्याचा प्रकार जिंकतो तो ड्रॅग करताना. बटण तर्जनीनं दाबून धरायचं, गोळा अंगठ्यानं फिरवायचा. एकाचा दुसऱ्याला अडथळा नाही. दुसऱ्या प्रकारात अंगठ्यानं बटण दाबून ठेवून बोटं फिरवताना हात आखडतो. लांब मजकूर निवडायचा असेल तर विंडोजमधला क्लिकलॉक चालू करावा, म्हणजे बटण धरून बसावं लागत नाही.

वेगाची सेटिंग दोघांसाठी सारखीच. आधी कमी ठेवा, मग वाढवा. माउसवर बंद ठेवलेलं अॅक्सिलरेशन (हाताच्या वेगानुसार कर्सरचा पल्ला वाढवणारी सेटिंग) इथे चालू करून पाहाच. गोळा सावकाश फिरवला तर नेमकेपणा, जोरात फिरवला तर लांबचा पल्ला.

मनगट दुखतं म्हणून बदल करणाऱ्यांना मी बोटांचाच सुचवेन. अंगठ्याच्या प्रकारात मनगटाचं ओझं अंगठ्याच्या मुळाशी जातं, आणि फोनवर टाइप करून तो सांधा आधीच शिणलेला असू शकतो. डावखुऱ्यांना तर फारसा पर्यायच नाही, कारण अंगठ्याचे बहुतेक ट्रॅकबॉल उजव्या हातासाठीच बनतात.

हात बसत आला असताना कर्सर अचानक अडखळू लागला, तर सरावाला दोष देऊ नका. गोळा ज्या तीन बारीक मण्यांवर टेकलेला असतो, त्यांच्यावर मळ साचतो. मोठा गोळा हातानंच उचलून निघतो. अंगठ्याचा बहुधा तळाच्या भोकातून पेन्सिलनं ढकलावा लागतो. मणी आणि गोळा कोरड्या कापडानं पुसले की काम झालं.