ठरलेल्या प्रश्नांमागचा इतिहास: बालरोगनिदानातल्या चुका

१९७५ साली हॅम्प्टन या ब्रिटिश डॉक्टरांनी आणि सहकाऱ्यांनी ८० बाह्यरुग्ण पाहिले. त्यांतल्या ६६ जणांच्या बाबतीत आधीच्या डॉक्टरने दिलेलं संदर्भपत्र वाचून आणि नीट विचारपूस करून काढलेलं निदानच शेवटी कायम राहिलं. ते रुग्ण मोठे होते. तान्ह्या बाळाची हकीकत आई सांगते, आणि जास्त धास्ती ज्याची वाटते ते आधी सांगते. तिने जुलाब म्हटलं की डॉक्टर जुलाबातच अडकतो, खोकला विचारायचा राहतो. २००५ मध्ये अमेरिकी डॉक्टर ग्रेबर यांनी निदान चुकलेल्या १०० रुग्णांचा अभ्यास केला, तेव्हा विचारातली सर्वांत नेहमीची चूक हीच निघाली: पहिलं पटणारं निदान सापडलं की शोध थांबतो.

प्रश्नांची ठरलेली यादी मात्र मोठ्या इस्पितळात जन्मली नाही. १९८०च्या दशकात पापुआ न्यू गिनीत फ्रँक शॅन यांच्यासारख्या डॉक्टरांनी एक्स-रे नसताना श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायची पद्धत बसवली. त्यावरून जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे आले: मिनिटाला २ महिन्यांखालील बाळाचे ६०, वर्षाच्या आतल्याचे ५०, पुढे ५ वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त श्वास म्हणजे जलद. बाळ शांत हवं आणि पूर्ण मिनिट मोजायला हवं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं की एका श्वासाची चूक चार होते. दोन महिन्यांखालच्या बाळाचा श्वास मुळातच अनियमित, म्हणून ६० भरले तर पुन्हा मोजायचं.

१९९०च्या दशकात संघटना आणि युनिसेफने हे सगळं एका तक्त्यात आणलं. नवजात बाळांची भर घालून भारताने तो स्वीकारला. २ महिन्यांवरच्या प्रत्येक मुलाबद्दल, तक्रार काहीही असो, आधी चार गोष्टी: पितं का? सगळंच ओकतं का? झटके आले का? सुस्त किंवा बेशुद्ध आहे का? मग खोकला, जुलाब, ताप, कान. ‘पीत नाही’ असं आई म्हणाली तर समोर पाजायला लावून बघायचं. नाक चोंदलेलं असेल तर आधी साफ करून. प्रश्नातच उत्तर सुचवायचं नाही: ‘ताप नाही ना?’ असं विचारलं की ‘नाही’ हेच उत्तर मिळतं.

गोव्यात हा तक्ता जसाच्या तसा पुरत नाही. त्यातला तापाचा भाग मलेरिया आणि गोवर पाहतो, पण सत्तरी तालुक्यात २०१५पासून माकडताप आहे; रानातल्या गोचिडींमुळे होणारा हा विषाणूताप माकडांनाही मारतो. काजूच्या हंगामात, लोक रानात जातात तेव्हा, सत्तरीतल्या वाळपईकडच्या तापलेल्या मुलाबाबत दोन प्रश्न हाताने जोडावे लागतात: घरातलं कोणी, किंवा मूल स्वतः, रानात गेलं होतं का? मेलेलं माकड दिसलं का? पावसाळ्यात लेप्टोसाठी (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा ताप) साचलेल्या पाण्याचा किंवा शेतातल्या चिखलाचा प्रश्न हवा. उत्तर ‘नाही’ आलं तरी केसपेपरवर लिहावं. रिकामी जागा पाहून बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजातल्या डॉक्टरला प्रश्न विचारला होता की नाही, ते कळत नाही.