कार्बन फायबरवर पॉलिपायरोल: करंट धरायचा की पोटेन्शियल?

पॉलिपायरोल म्हणजे वीज वाहून नेणारं पॉलिमर. पायरोलच्या द्रावणात करंट सोडून त्याचा थर फायबरवर चढवताना एकतर करंट स्थिर धरता येतो, नाहीतर पोटेन्शियल. बाथ (द्रावण) दोन्हीकडे एकच: पाण्यात 0.1 मोलर पायरोल (तपकिरी झालं असेल तर आधी डिस्टिल करून घ्या) आणि 0.1 मोलर सोडियम टोल्युईन सल्फोनेट. फायबर अ‍ॅनोडला. फरक इतकाच, की पोटेन्शिओस्टॅट (करंट किंवा पोटेन्शियल नेमकं राखणारं यंत्र) काय स्थिर ठेवणार.

करंट धरायचा तर आधी क्षेत्रफळ काढा, कारण टो (कार्बन तंतूंचा जुडगा) दिसतो दोऱ्याएवढाच. 7 मायक्रॉनचे 3000 तंतू म्हणजे दर सेंटीमीटर लांबीला 6.6 चौ.सेंमी. 5 सेंमी बुडवला की 33 चौ.सेंमी. चौ.सेंमीला 1 मिलिअँपिअर या दराने 33 मिलिअँपिअर लावा. 5 मिनिटांत सुमारे 10 कूलोंब जातात आणि हिशेबाने जेमतेम मायक्रॉनभर थर बसतो. जाडी घड्याळावर ठरते, ही सोय मोठी. पण टोच्या आतल्या तंतूंपाशी पायरोल लवकर संपतं. मग सगळा करंट बाहेरच्या तंतूंवर येतो, पोटेन्शियल चढत जातं, आणि 1 व्होल्टच्या आसपास थर अतिऑक्सिडाइज होऊन वाहकता गमावतो. रंग काळाच राहतो, त्यामुळे नुसतं बघून कळत नाही. पोटेन्शियलचा आलेख मात्र सांगतो.

पोटेन्शियल धरलं (सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडच्या संदर्भ इलेक्ट्रोडच्या, म्हणजे स्वतःचं पोटेन्शियल न बदलणाऱ्या तिसऱ्या इलेक्ट्रोडच्या तुलनेत 0.7 ते 0.75 व्होल्ट) की ही भीती जाते. मात्र करंट सुरुवातीला उसळतो, पडतो, परत चढतो. म्हणून इथे मिनिटं मोजू नका, 10 कूलोंब भरले की थांबा.

बाकावरच्या पॉवर सप्लायचं ‘स्थिर व्होल्टेज’ म्हणजे हे नव्हे. तो आकडा दोन इलेक्ट्रोडमधला असतो. त्यातला कॅथोडचा आणि द्रावणाचा वाटा बदलत राहतो. संदर्भ इलेक्ट्रोड नसेल तर फायबरवर नेमकं किती आहे, हे कळायला मार्ग नाही.

एक दुखणं दोन्हीकडे सारखं. टोचा स्वतःचा रोध सेंटीमीटरला दीड ओहमच्या घरात. 5 सेंमीवर 33 मिलिअँपिअर गेले की खालच्या टोकाशी 0.12 व्होल्ट कमी पडतात, आणि थर क्लिपजवळ जाड, खाली विरळ होतो. लांबी निम्मी केली की ही घट चौथ्या हिश्शावर येते.

आमचा कौल: करंट धरा, पण 0.85 व्होल्टला कटऑफ लावा. त्याआधी अ‍ॅसिटोनने सायझिंग (तंतूंवरचा कारखान्यातला लेप) काढा, नाहीतर थर ठिपक्याठिपक्यांनी बसतो. आणि पातळीच्या वर टोवर एपॉक्सीचा बांध घाला. द्रावण तंतूंमधून वर चढून क्लिपपर्यंत गेलं, तर क्लिपचं तांबं विरघळून बाथमध्ये उतरतं.