चाकाखालचा दगड कोण काढतं?

मार्चमध्ये निफाडहून मामांनी द्राक्षांचा क्रेट पाठवला की दोन दिवसांत आमच्या किचनमध्ये चिलटं, हे नाशिककरांना वेगळं सांगायला नको. ह्या वेळी मी जॅमच्या रिकाम्या बाटलीत पिकलेल्या केळ्याचा तुकडा नि चार फुटलेले मणी टाकले, पाच-सहा चिलटं आत शिरली तसं तोंडाला फडकं बांधलं. आई म्हणाली ही घाण ओट्यावर नको, म्हणून बाटली खिडकीत गेली. थोड्या दिवसांनी आत बारीक पांढऱ्या अळ्या वळवळायला लागल्या, मग त्या काचेवर चढल्या, नि एका सकाळी बघतो तर तांदळाच्या कणीएवढे तपकिरी कोष काचेला चिकटलेले. काडीने ढकलून बघितलं, हलेनात.

चिलटं म्हणजे फळमाश्या, आणि कोष काचेला चिकटवणारा हा डिंक त्यांच्या अळीच्या लाळग्रंथीत बनतो. कोष व्हायच्या ऐन वेळी अळी तो बाहेर टाकते, तो काचेवर सुकतो आणि काम झालं. त्यानंतर २५ डिग्रीला ठेवलेल्या माशीत साधारण १५ तासांतच ती अख्खी लाळग्रंथी मरून संपलेली असते. कोणी मारत नाही, रोग नाही, उपासमार नाही. पेशी स्वतःच स्वतःला संपवतात.

ह्याला अपॉप्टोसिस म्हणतात, १९७२ साली केर, वायली आणि करी ह्या तिघांनी दिलेलं नाव, ग्रीक शब्द आहे आणि अर्थ काय तर झाडाची पानं गळणं. म्हणजे आपल्या द्राक्षवाल्यांची पानगळच की! बागायतदार ऑक्टोबर छाटणीआधी औषध मारून पानं गाळतो, इथे पेशीला वरून निरोप येतो एवढंच. तसं 'प्रोग्रॅम्ड सेल डेथ' हे नाव त्याच्याही आधीचं, १९६४ च्या सुमाराचं, आणि तेही किड्यावरूनच आलेलं, रेशमाचा पतंग कोषातून बाहेर पडल्यावर त्याचे पोटाचे स्नायू विरघळून जातात ते लॉकशिन आणि विल्यम्स बघत होते.

आता मुख्य प्रश्न, हे सुरू कसं होतं? मला आधी वाटायचं की पेशीत कुठेतरी विष तयार होत असेल. तसं नाहीये. मारणारी हत्यारं पेशीत जन्मापासून भरून ठेवलेली असतात. कॅस्पेज नावाची एन्झाइम्स, प्रोटीन कापणाऱ्या कात्र्या म्हणा, फळमाशीत त्यांच्या ७ जाती आहेत. त्यातली ड्रॉन्क आधी जागी होते, ती पुढच्या कात्र्यांना जागं करते, आणि मग पेशीच्या आतला सांगाडा, केंद्रक, सगळ्याचे तुकडे पडतात.

कसारा घाटात बंद पडलेला ट्रक बघितलाय ना, मागच्या चाकाखाली मोठा दगड लावून उभा केलेला? पेशी तशी उभी असते, कायम उतारावर. दगड म्हणजे डायॅप-१ नावाचं प्रोटीन, ते कॅस्पेजना धरून ठेवतं. आणि हा दगड एकदा लावला नि झालं असं नाही, हे प्रोटीन लवकर नष्ट होतं म्हणून पेशीला ते सारखं नवीन बनवत राहावं लागतं. ज्या माशीच्या गर्भात ह्याचं जीनच बिघडलंय तिथे वाढ जेमतेम सुरू होते तोच जवळपास सगळ्या पेशी मरतात.

मग मरायचा निरोप आला की होतं काय, तर कोणीतरी येऊन दगड काढतं. काढणारे तिघे, रीपर, हिड आणि ग्रिम. रीपर म्हणजे आपला यमदूतच, १९९४ मध्ये क्रिस्टिन व्हाइट, हर्मन स्टेलर ह्यांच्या टीमने शोधला, नि हा यमदूत केवढा तर फक्त ६५ अमिनो आम्लांचा (म्हणजे प्रोटीनच्या साखळीतल्या कड्या), प्रोटीनच्या मानाने अगदी चिटुकला. त्याच्या शेंड्याची चारेक अमिनो आम्लं डायॅप-१ च्या खाचेत जाऊन बसतात, कॅस्पेजची पकड सुटते, ट्रक निघाला घाट उतरत. डीएनएच्या ज्या तुकड्यात ही तिन्ही जीन्स शेजारी-शेजारी आहेत तो तुकडाच काढून टाकला तर गर्भात पेशी मरतच नाहीत, आणि असा गर्भ अंड्यातून बाहेर येत नाही.

लाळग्रंथीत हा निरोप देतं एक्डायसोन, कात टाकायला लावणारं हार्मोन. कोष होताना त्याची एक लाट येते तेव्हा डिंक बाहेर पडलेला असतो आणि डायॅप-१ कमी व्हायला लागतं, मग दहा-बारा तासांनी दुसरी लाट येते, रीपर आणि हिड बनतात. म्हणजे दगड आधी झिजवायचा, मग लाथ मारायची. ग्रंथीत कॅस्पेजच्या जोडीला पेशी स्वतःला आतून खातही असते, ती वेगळीच गंमत आहे, पण त्यात आत्ता शिरत नाही.

मक्यावरची लष्करी अळी येवला-मालेगावकडे आता सगळ्यांना माहितीये. तिच्या पेशी लॅबमध्ये वाढवतात, आणि त्यांना बॅक्युलोव्हायरसची, म्हणजे किड्यांना होणाऱ्या एका व्हायरसची, लागण केली की खरं तर पेशीने पटकन मरून टाकावं, म्हणजे व्हायरसला कॉप्या काढायला वेळच मिळणार नाही. पण व्हायरस काही बावळट नाही, तो स्वतःचा दगड घेऊन येतो, पी३५ नावाचा. कॅस्पेज त्याला कापायला जाते आणि कापता कापता त्यातच अडकून बसते, उंदीर चिकटपट्टीवर अडकतो तशी. १९९१ मध्ये पी३५ चं जीन बिघडलेला व्हायरस सोडल्यावर पेशी धडाधड मरायला लागल्या, तेव्हा हा प्रकार उघडकीला आला.

चार-पाच दिवसांनी माझ्या बाटलीत नवीन चिलटं फिरायला लागली, आईने बाटली धुवायला घेतली. चिलटं उडून गेली पण रिकाम्या टरफलांसाठी काथ्याने दोनदा घासायला लागलं तिला.