पानाखालचे काटेरी किडे आणि लेस बग वेगळे नाहीत

लेस बग म्हणजे पानाचा रस शोषणारा बारीक किडा. ‘लेस बग लागलेल्या पानाखाली दिसणारे काळे, काटेरी, बिनपंखी किडे ही वेगळीच कीड,’ असं बऱ्याच वर्षांपासून फिरतंय. गैरसमज साहजिक आहे. जाळीदार पंखांच्या चपट्या प्रौढाशी त्यांचं काहीच जुळत नाही. पण लेस बगला अळी नसते, कोषही नसतो. अंड्यातून थेट पिल्लू निघतं, बहुधा पाचदा कात टाकतं आणि शेवटच्या कातीनंतर पंख फुटतात.

पान उलटं करून भिंगातून पाहा. मोठ्या पिल्लांच्या पाठीवर दोन्ही बाजूंना पंखांचे कोंब दिसतात, अगदी लहानांत नाही. आसपास विष्ठेचे डांबरासारखे ठिपके आणि रिकाम्या काती चिकटलेल्या असतात. तरीही शंका असेल तर मोठी पिल्लं पानासकट हवेशीर डबीत ठेवा, पान ताजं राहू द्या. काही दिवसांत त्यांतूनच जाळीदार पंखवाले निघतील.